कमरेची सुरी

कोकणात आजोळी गेलो की माडावर चढणाऱ्या गड्याच्या पाठीकडे माझे लक्ष आधी जाई. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेली कोयती. तो चालू लागला की कोयती आकडीवर टकटक वाजायची. नारळ सोलणे, झाप तोडणे, वाटेतली काटेरी फांदी दूर करणे, मेखेला टोक काढणे ही सारी कामे त्या एका पात्यावर होत. लहानपणी मला ते हत्यार वाटे. गड्याला मात्र ते हाताचा पुढचा भाग वाटत असावे.

माणूस रानात एकच पाते घेऊन निघतो तेव्हा ते कसे असावे? लांब की आखूड, जाड की पातळ, मिटणारे की म्यानात राहणारे? आज हा प्रश्न रानात हिंडण्याची हौस असणाऱ्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो फार जुना आहे आणि त्याला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास बारकाईने पाहण्यासारखा आहे.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी न्यूरेंबर्गच्या हेल्मुट आणि एरिका सिमोन या जर्मन दांपत्याला ओत्झताल आल्प्समध्ये, सुमारे ३,२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फात एक प्रेत दिसले. पुढे ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचे ठरले. ‘ओत्झी’ या नावाने तो जगाला माहीत झाला. त्याच्याजवळच्या तांब्याच्या कुऱ्हाडीची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने त्याच्या सुरीकडे लक्ष कमी गेले. गारगोटीचे पाते, ॲश लाकडाची मूठ, लिंडन झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेले म्यान. मुठीसकट सुरीची लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. पुराणवस्तूंच्या यादीत तिला ‘खंजीर’ म्हणतात. हा शब्द मला नेहमीच जरा जड वाटतो.

त्याचे कारण तिच्या शेजारच्या वस्तूंत आहे. ओत्झीजवळ लिंडनच्या लाकडात शिंगाचे टोक बसवलेले, पेन्सिलीसारखे एक साधन होते. दगडी धारेवर त्याचा दाब देऊन बारीक कपचे उडवायचे आणि धार नवी करायची, हे त्याचे काम. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या दगडी साधनांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. ती साधने पुन्हा पुन्हा धार लावून झिजत आली होती आणि नवी करायला त्याच्याकडे कच्चा दगड उरला नव्हता. सुरीचे टोकही मोडलेले होते. भात्यातल्या चौदा बाणांपैकी दोनच पुरे झाले होते आणि तेही मोडलेले. १.८ मीटरहून लांब धनुष्य अजून तासायचे बाकी होते. उजव्या हातावर काही दिवसांपूर्वीची खोल जखम होती, आणि २००१ साली क्ष-किरण तपासणीत दिसले की डाव्या खांद्यात बाणाचे टोक रुतलेले आहे.

या तपशिलांची संगती लावली तर चित्र असे दिसते : संकटात सापडलेला एक माणूस डोंगरावर चढतो आहे आणि वाटेत धनुष्य-बाण तयार करतो आहे. लहान सुरीचे खरे काम इथे कळते. तिने शत्रू मारायचा नसतो, तिने दुसरी साधने घडवायची असतात. अर्थात ओत्झीचा जीव तिने वाचवला नाही. पाठीमागून आलेल्या बाणापुढे कुठल्याही सुरीचे काही चालले नसते.

आता दुसरा १९ सप्टेंबर, साल १८२७. मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर द्वंद्वयुद्धाचे निमित्त होऊन दोन्हीकडच्या मंडळींत मारामारी जुंपली. जेम्स बोवी नावाच्या माणसाने गोळ्या आणि वार झेलूनही एका मोठ्या सुरीने प्रतिस्पर्ध्याला ठार केले. बातमी वर्तमानपत्रांतून पसरली आणि ‘बोवी सुरी’ हवीहवीशी झाली. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारखान्यांनी अमेरिकेच्या बाजारासाठी तशा सुऱ्या धडाधड पाठवल्या. दहा-अकरा वर्षांत अलाबामा आणि टेनेसी या राज्यांना त्यांच्याविरुद्ध कायदे करावे लागले. मारामारीसाठी गाजलेली ही सुरी पुढे रानात जाणाऱ्यांच्या कमरेलाही लटकू लागली. शहरातून शिकारीला निघालेल्या माणसाला वाटे, जेवढे पाते मोठे तेवढा आपण रानाला लायक.

या समजुतीची खिल्ली उडवली ती पेनसिल्व्हेनियातल्या एका चांभाराने. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स (१८२१–१८९०) हा अंगाने किरकोळ आणि प्रकृतीने तोळामासा माणूस ‘नेस्मुक’ या नावाने लिही. लहानपणी ज्या नॅरागॅन्सेट आदिवासी माणसाने त्याला रान दाखवले त्याचे हे नाव. ओझे वाहण्याची ताकद नसल्याने त्याने प्रत्येक वस्तू तोलून पाहिली. १८८३ साली अ‍ॅडिरॉन्डॅकच्या तळ्यांतून त्याने जी होडी वल्हवली तिचे वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोहूनही कमी होते. १८८४च्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात दुकानांतल्या जाड, भयानक दिसणाऱ्या सुऱ्या कुचकामी ठरवून त्याने तीन गोष्टी सुचवल्या : छोटी कुऱ्हाड, पातळ पात्याची म्यानातली सुरी आणि खिशातला दुपाती चाकू. तोडायला कुऱ्हाड, चिरायला सुरी, कोरायला चाकू. चामडे कापणाऱ्या माणसाला पातळ धारेचे मोल कळले, यात मला योगायोग दिसत नाही.

होरेस केफार्ट हा त्याचा वैचारिक वारस. सेंट लुईसच्या मर्कंटाइल ग्रंथालयाचा हा ग्रंथपाल १९०४ साली, संसार आणि मन दोन्ही विस्कटलेल्या अवस्थेत, ग्रेट स्मोकी डोंगरात राहायला गेला. १९०६च्या आपल्या पुस्तकात त्याने आवडत्या सुरीचे माप दिले आहे : पाते सव्वाचार इंच, मूठही तेवढीच, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले. ती एका खेड्यातल्या लोहाराने केली होती आणि दिसायला अगदीच ओबडधोबड होती, हे तो कौतुकाने सांगतो. पाण्याचे गणितही त्याने नेमके मांडले. ओले कठीण लाकूड कापण्याइतपत पाते कडक हवे, पण गाठीवर किंवा हाडावर आदळले तर धार थोडी वळावी, तिचा टवका उडू नये. वळलेली धार दगडावर घासून सरळ करता येते. टवका उडाला तर रानात त्याला इलाज नाही.

इकडे उत्तर युरोपात हे शहाणपण पुस्तकात यायच्या आधीच खेड्यापाड्यांत मुरले होते. स्वीडनच्या दालार्ना प्रांतातल्या मोरा गावी फ्रॉस्ट-एरिक एर्सन अमेरिकेतून परतला आणि १८९१ साली त्याने कारखाना काढला. तिथल्या जुन्या पद्धतीत मध्ये कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड असे. आपला लोहारही कोयत्याला पोलादाची धार जोडतो, ती याच विचाराने. फिनलंडची ‘पुक्को’ अशीच : बिनआडणीची, तळहाताएवढ्या पात्याची, शेतकऱ्यापासून कोळ्यापर्यंत साऱ्यांच्या कमरेला. या सुऱ्यांचे पोलाद बहुधा मुठीत निमुळते होत जाते. केफार्टची अट त्या पाळत नाहीत, तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

इथवर वाचून लहान पाते म्हणजे काम आणि मोठे पाते म्हणजे हिंसा, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. इतिहास तो काढू देत नाही. एकोणिसाव्या शतकात फिनलंडच्या ऑस्ट्रोबॉथनिया भागात लग्नघरांत धुडगूस घालणाऱ्या गुंडांची दहशत होती. त्यांच्या हातात हीच कामाची पुक्को असे आणि तिने माणसे मेली. पाते कोणत्या कामासाठी घडवले ते त्याचे माप सांगते. ते कोणत्या कामी आले हे हाताने ठरते.

आपल्या कायद्यालाही ही अडचण जाणवली असावी. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली झालेल्या १९६२च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्रांत मोडत असे. पण घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी घडवलेले त्यातून वगळले होते. नुसत्या मापाने भागत नाही, म्हणून हेतूही विचारावा लागला.

तेव्हा रानात जाणाऱ्याने सुरी कशी निवडावी? चार बोटांच्या आसपास पाते, घामेजल्या हातातून न निसटणारी मूठ, घट्ट म्यान आणि स्वतःला लावता येईल अशी धार. त्यातही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ओत्झीने सुरीबरोबर धार लावायचे साधनही नेले होते. आजोळचा तो गडीही दर संध्याकाळी पायरीच्या दगडावर पाणी शिंपडून कोयती घासत बसे. वर्षानुवर्षांच्या घासण्याने पायरीला खळगा पडला होता आणि कोयतीही दोन बोटे झिजली होती.