सिडनीची हिरवी बंदी

शहरात झाडे परत आणण्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे रोप, खड्डा, पाण्याची झारी आणि हार घातलेले पाहुणे उभे राहतात. वृक्षारोपण चांगलेच आहे. परंतु रोपाला मोकळी जमीन लागते, आणि आज उभे असलेले झाड उद्या पाडले जाणार नाही अशी हमी लागते. ही हमी द्यायची कोणी? ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात 1971 ते 1974 ह्या काळात ती बांधकाम मजुरांनी दिली. मी कामगार चळवळीतला माणूस. तेव्हा हा इतिहास मजुराच्या बाजूने सांगणार, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या काळी सिडनीत उंच कचेऱ्यांच्या बांधकामाची लाट आली होती. खोदाई, काँक्रीट, पाडकाम अशी अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांची संघटना म्हणजे बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन. तिच्या न्यू साउथ वेल्स शाखेत सुमारे 11 हजार सभासद होते. जॅक मंडी, बॉब प्रिंगल व जो ओवेन्स हे तिचे पुढारी. 1970 साली ह्या मजुरांनी पाच आठवडे संप करून आपली मजुरी व आपला मान वाढवून घेतला होता. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचे सारे त्याच पायावर उभे आहे.

पॅरामाटा नदीच्या काठी हंटर्स हिल नावाची सुखवस्तू वस्ती आहे. तेथे सुमारे 12 एकरांचे ‘केलीज बुश’ हे मूळचे रान शिल्लक होते. ते तोडून तेथे घरे बांधण्याचा बेत ठरला. वस्तीतील 13 स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी अर्ज केले, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या. उपयोग झाला नाही. अखेर 1971 साली त्या मजूर संघटनेकडे गेल्या. बंगल्यातल्या बायांसाठी मजुराने आपले काम का सोडावे, असा प्रश्न संघटनेत उठलाच. तेव्हा संघटनेने अट घातली: आधी जाहीर सभा घ्या, वस्तीचे मत दाखवा. सभेला सुमारे 600 लोक आले आणि बंदी जाहीर झाली. त्या रानात एकही सभासद हत्यार उचलणार नाही, असे ठरले. बांधकाम कंपनीने संघटनेबाहेरचे मजूर आणण्याची भाषा केली. तेव्हा तिच्याच दुसऱ्या अर्धवट इमारतीवरील मजुरांनी ठराव केला, की रानातले एक झाड जरी पडले तरी ही इमारत कायम अर्धवटच राहील. रान वाचले.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपण म्हणतो. येथे दांड्यानेच नकार दिला.

मग ठिकठिकाणचे रहिवासी संघटनेच्या दाराशी येऊ लागले. ऑपेरा हाउससाठी गाड्यांचा तळ खोदायचा होता. त्यापायी वनस्पती उद्यानाजवळची जुनी फिकस झाडे, म्हणजे आपल्या वड-पिंपळांची भावंडे, धोक्यात आली. तेथे बंदी आली. सेंटेनियल पार्कच्या हिरवळीवर क्रीडांगणे बांधण्याची योजना निघाली, तेव्हा शेजारीच राहणारे कादंबरीकार पॅट्रिक व्हाइट 1972 साली सभेत विरोधाला उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेथेही बंदी आली. ‘रॉक्स’ आणि ‘वुलूमुलू’ ह्या जुन्या कष्टकरी वस्त्यांतही तेच झाले. त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठायचे होते. अशा बंद्यांची संख्या 40 च्या वर गेली. कामावरील मजुरांच्या बहिष्काराला तेथे ‘ब्लॅक बॅन’ म्हणत. मंडींनी त्याला ‘ग्रीन बॅन’, म्हणजे हिरवी बंदी, हे नाव दिले.

मजुरांच्या पोटावर पाय येतो त्याचे काय, असा आक्षेप तेव्हाही होता. मंडींचे म्हणणे असे, की आम्हाला काम हवेच; परंतु रिकाम्या कचेऱ्यांऐवजी रुग्णालये, शाळा आणि सामान्यांना परवडणारी घरे बांधण्याचे काम द्या. आपल्या श्रमातून काय निर्माण होते हे विचारण्याचा मजुरालाही हक्क आहे. मजुरी किती, एवढेच विचारून संघटनेचे काम संपत नाही.

ही कथा निव्वळ विजयाची नव्हे. 1974 साली बांधकामाची तेजी ओसरली. त्याच वर्षी संघटनेच्या मध्यवर्ती नेत्यांनी ही शाखा ताब्यात घेतली, आणि पुढे मंडी व त्यांच्या सहकाऱ्यांना काढून टाकण्यात आले. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील रहिवाशांची बाजू मांडणाऱ्या पत्रकार हुआनिता नील्सन 4 जुलै 1975 रोजी नाहीशा झाल्या. त्यांचा मृतदेह सापडला नाही.

तरीही पेरलेले वाया गेले नाही. 1977 साली न्यू साउथ वेल्समध्ये वारसा रक्षणाचा कायदा झाला. 1979 च्या कायद्याने नगररचनेच्या निर्णयांत लोकांना आपले म्हणणे मांडण्याची वाट दिली. 1983 साली सरकारने केलीज बुश लोकांसाठी घेण्याचे जाहीर केले, आणि आज ते सार्वजनिक रान आहे. मंडी 2020 साली वारले. रॉक्समधील रस्त्याच्या एका भागाला त्यांचे नाव आहे.

श्रोतेहो, झाड तोडायचे हुकूम कचेरीत निघतात. कुऱ्हाड मात्र हातावर पोट असलेल्या माणसाच्या हाती असते. आज त्याने नाही म्हटले तर उद्या त्याच्या घरची चूल पेटत नाही. सिडनीच्या मजुरांना नकार देता आला, कारण त्यांच्यामागे संघटना होती, कामाची तेजी होती आणि वस्तीचा जाहीर पाठिंबा होता. ह्यांपैकी तेजी कोणाच्या हाती नसते. बाकीच्या दोन गोष्टी माणसांनी उभ्या करायच्या असतात. म्हणून तुमच्या गल्लीतल्या झाडासाठी अर्ज लिहा, सभा भरवा. आणि त्या सभेला तोडायला येणाऱ्या मजुरालाही बोलवा. त्याच्या मजुरीचा प्रश्न तुम्ही आपला मानलात, तर तुमच्या झाडाचा प्रश्न तो आपला मानील.