स्वारगेटहून सिंधुदुर्ग किल्ला: पाठीवर बॅग टाकून बेटावर निघालात आणि मध्येच गडबड झाली तर?

पुण्यातून बेटावर फिरायला जायचं म्हटलं की अनेकांना अंदमानचं विमान आठवतं. पण स्वारगेटला रात्रीची गाडी पकडली तरी दुसऱ्या दिवशी बेटावर पाय ठेवता येतो. हे बेट म्हणजे मालवणसमोरचं कुरटे, म्हणजेच आपला सिंधुदुर्ग किल्ला.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याच्या बांधकामाला सुरुवात केली. बेट सुमारे ४८ एकरांचं आहे. चारही बाजूंनी खारं पाणी, तरी आत दूध बाव, दही बाव आणि साखर बाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी.

प्रवास कमी खर्चाचा आहे, पण त्यात रस्ता आणि समुद्र असे दोन टप्पे आहेत. बस चुकली तर दुसरी मिळते. समुद्र खवळला तर मात्र पैसे देऊनही काही होत नाही. म्हणून पहिला नियम: किल्ला बघायचा दिवस आणि पुण्याला परतायचा दिवस वेगळा ठेवा. खाली सांगितलेल्या निम्म्या अडचणी तेवढ्यानेच सुटतात.

स्वारगेटवर काय बघायचं?

गाडी कुठे लागणार, हे चौकशी खिडकीवर किंवा वर्दीतल्या कर्मचाऱ्यालाच विचारा. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे याच स्थानकात एका तरुणीला 'तुमची गाडी तिकडे लागली आहे' असं सांगून उभ्या असलेल्या बसमध्ये नेण्यात आलं आणि तिच्यावर अत्याचार झाला. अनोळखी माणूस कितीही आपुलकीने बोलला, तरी अंधारात उभ्या गाडीत चढू नका. महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे.

बॅग गाडीत राहिली तर?

तिकीट फेकू नका. कोणती गाडी, कोणती फेरी हे त्यावरून शोधता येतं. लगेच जवळच्या आगारात किंवा वाहतूक नियंत्रकाकडे जा. पाकीट, औषधं आणि चार्जर मोठ्या बॅगेत न ठेवता अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवा. थोडी रोख रक्कम पाकिटाबाहेर वेगळी असू द्या.

घाटात अडकलात तर?

कोल्हापूरकडून कोकणात उतरायला गगनबावड्याचे किंवा फोंड्याचे घाट लागतात. पावसाळ्यात तिथे दरड कोसळून वाहतूक थांबू शकते. कोरडा खाऊ, पाणी आणि पूर्ण चार्ज केलेली पॉवर बँक जवळ हवीच.

बोट बंद असेल तर?

साधारण मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यामुळे किल्ल्याची बोटसेवा बंद असते. इतर महिन्यांतही वारा वाढला तर फेऱ्या थांबतात. अशा वेळी जास्त पैसे देऊन खासगी होडी शोधू नका. किनाऱ्यावरूनही किल्ला छान दिसतो.

बोट सुरू असेल तर किल्ला बघायला साधारण तासाभराचा वेळ मिळतो आणि ज्या बोटीने गेलात त्याच बोटीने परत यायचं असतं. तिचं नाव लक्षात ठेवा आणि परतायची वेळ नावाड्याला विचारून घ्या.

लाइफ जॅकेट खरंच लागतं का?

हो, अगदी पाच-दहा मिनिटांच्या अंतरासाठीही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट बुडून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. त्यात १५ जणांचा जीव गेला. जॅकेट मांडीवर ठेवून उपयोग नाही, पट्टे बांधलेले हवेत. बोट खचाखच भरली असेल तर पुढच्या बोटीने जा.

पाण्यात ओढलं गेलात तर?

किनाऱ्याच्या दिशेने झटापट करू नका, दम संपतो. आधी तरंगत राहा, हात वर करून मदत मागा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा आणि मग वळा. दुसरं कुणी बुडत असेल तर थेट उडी न मारता दोरी, ट्यूब किंवा रिकामा कॅन फेका.

जेलीफिश डसली तर जागा चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढा आणि नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना गाठा.

फोन भिजला किंवा हरवला तर?

भिजलेला फोन बंद करा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचाही फायदा नाही. हरवला तर आधी सिम आणि यूपीआय बंद करून घ्या. पोलिसांत तक्रार दिल्यावर 'संचार साथी' पोर्टलवरून हँडसेटही ब्लॉक करता येतो. घरच्यांचे दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

हे नंबर सेव्ह करा

- कोणतीही आपत्कालीन मदत: ११२
- रुग्णवाहिका: १०८
- समुद्रात अडचण, तटरक्षक दल: १५५४
- सागरी पोलीस: १०९३
- खात्यातून पैसे गेले तर: १९३०

मालवणला तुमच्याबरोबर कोण येणार हे ठरलं असेल, तर निघण्याआधी ही यादी त्यांनाही पाठवा. फोन नेमका कुणाचा भिजेल, हे आधी सांगता येत नाही.