एडगर ॲलन पो यांच्या मृत्यूविषयीचे वैद्यकीय सिद्धान्त

अमेरिकन कवी व कथाकार एडगर ॲलन पो (१९ जानेवारी, १८०९ – ७ ऑक्टोबर, १८४९) यांचा मृत्यू वयाच्या ४०व्या वर्षी बाल्टिमोर येथे झाला. त्याचे कारण निर्विवादपणे ठरलेले नाही. मद्यपान, रेबीज, मेंदूतील गाठ, विषबाधा अशी अनेक कारणे सुचवली गेली आहेत.

== अखेरचे दिवस ==
२७ सप्टेंबर, १८४९ रोजी पो यांनी रिचमंड सोडले. पुढील काही दिवस ते कोठे होते, याची माहिती मिळत नाही. ३ ऑक्टोबर रोजी बाल्टिमोरमधील एका मद्यगृहात ते अर्धवट शुद्धीत आढळले. त्यांच्या अंगावरील कपडे मळके, न बसणारे व बहुधा दुसऱ्याचे होते. परिचित डॉक्टर जोसेफ स्नॉडग्रास यांना बोलावून त्यांना वॉशिंग्टन कॉलेज रुग्णालयात नेण्यात आले. तेथे कंप, घाम, भ्रम, मधूनच येणारी शुद्ध व पुन्हा उन्माद अशा अवस्थांतून जात ७ ऑक्टोबरच्या पहाटे त्यांचे निधन झाले.

== पुराव्यांचे स्वरूप ==
रुग्णालयातील नोंदी व मृत्यूचा दाखला आज उपलब्ध नाहीत. वृत्तपत्रांनी 'मेंदूतील रक्तसंचय' हे कारण छापले. मात्र त्या काळी ही संज्ञा मद्यपानजन्य मृत्यूसाठीही सौम्य शब्द म्हणून वापरली जाई. प्रत्यक्ष साक्ष मुख्यतः दोघांची आहे. स्नॉडग्रास दारूबंदीचे पुरस्कर्ते होते व त्यांनी मद्यालाच दोष दिला. उपचार करणारे डॉ. जॉन मोरान यांनी हा आरोप नाकारला. परंतु त्यांची वेळोवेळीची कथने परस्परांशी जुळत नाहीत.

== प्रमुख सिद्धान्त ==
'''मद्यपान :''' कंप व भ्रम ही लक्षणे मद्य अचानक बंद झाल्यावर उद्भवणाऱ्या उन्मादाशी जुळतात. मात्र ऑगस्ट १८४९ मध्ये पो यांनी मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेतली होती. ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली का, हे अनिश्चित आहे.

'''रेबीज :''' १९९६ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील डॉ. मायकेल बेनिटेझ यांनी हे निदान मांडले. शुद्धीत येऊन पुन्हा भ्रमिष्ट होणे, पाणी पिण्यास होणारा त्रास व चार दिवसांत आलेला मृत्यू हे त्याचे आधार होत. प्राणी चावल्याची नोंद नाही. परंतु या रोगाची लक्षणे दिसण्यास अनेक आठवडे लागू शकत असल्याने चावा विस्मरणात गेलेला असणे शक्य आहे. शिवाय हे निदान मोरान यांच्याच कथनांवर उभे आहे.

'''मेंदूतील गाठ :''' १८७५ मध्ये अवशेष नव्या जागी हलवताना कवटीत एक कठीण गोळा हलत असल्याचे सांगितले गेले. मेंदू एवढा काळ टिकत नाही, पण कॅल्शियम साचलेली गाठ टिकू शकते, असा हा तर्क आहे.

'''पाऱ्याची विषबाधा :''' १८४९ च्या उन्हाळ्यात कॉलऱ्याच्या साथीत पो यांनी पारायुक्त औषध घेतले होते. केसांच्या तपासणीत पारा वाढलेला आढळला. मात्र विषबाधा ठरावी इतका नव्हता.

'''सक्तीचे मतदान :''' ३ ऑक्टोबर हा मतदानाचा दिवस होता आणि ते मद्यगृह मतदान केंद्र होते. लोकांना कोंडून, दारू पाजून व कपडे बदलून वारंवार मतदान करवून घेणाऱ्या टोळ्या तेव्हा होत्या. हा सिद्धान्त कपड्यांचे कोडे उलगडतो. तथापि त्यास प्रत्यक्ष पुरावा नाही.

== मूल्यमापन ==
कोणत्याही सिद्धान्ताला मूळ वैद्यकीय नोंदींचा आधार नाही. परिणामी स्नॉडग्रास व मोरान यांपैकी कोणाच्या साक्षीवर किती विश्वास ठेवायचा, यावरच निदान अवलंबून राहते. मृत्यूनंतर लगेचच रूफस ग्रिसवोल्ड यांनी टोपणनावाने लिहिलेल्या प्रतिकूल मृत्युलेखामुळे व पुढील चरित्रामुळे पो यांची व्यसनी अशी प्रतिमा रूढ झाली. त्यामुळे त्यांच्या मृत्यूच्या कारणाचा शोध हा त्यांच्या चारित्र्याविषयीच्या वादाचाही भाग ठरला आहे.