वीस क्विंटल कापसाचा गेम

आजचा भाग व्हिडिओ गेमवर आहे, पण खरं तर तो किमतीवर आहे. टोकियोत किंवा अमेरिकेत ठरलेली किंमत हदगावपर्यंत येते, तेव्हा तिचं काय होतं, एवढंच आज बघायचंय.

१९९० च्या दशकात आमच्या हदगावात लहान असलेल्या कुणालाही विचारा. मारिओ माहीत असतो, कॉन्ट्रा माहीत असतो. पण मारिओ ज्या कंपनीचा, त्या निन्टेन्डोचं अस्सल यंत्र पाहिलंय का, असं विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतील. निन्टेन्डोनं फॅमिकॉम हे यंत्र १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये आणलं, किंमत १४,८०० येन. आपल्याकडे पोचली ती त्याची नक्कल. कॅसेट खोचायची, टीव्हीचा चॅनल जुळवायचा, झालं. कॅसेटवर '९९९९ इन वन' लिहिलेलं, आत मोजके गेम, तेच पुन्हा पुन्हा फिरणारे. तरी आम्ही खूश!

आता अस्सल मालाकडे वळू. १९९५ मध्ये सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात विकायला आलं. तेव्हा आयात शुल्क होतं ८० टक्के. त्यातून वाट काढायला सेगानं शॉ वॉलेसशी करार केला. हो, तीच दारूच्या धंद्यातली शॉ वॉलेस. तरीही किंमत १८,००० रुपये निघाली. ज्या घरात रंगीत टीव्हीच हप्त्यानं येत होता, तिथं हा आकडा बोलायचीही सोय नव्हती.

मग पोरं खेळली कशी? तर गावानं स्वतःची किंमत काढली. पार्लरवाला एक मशीन आणायचा आणि तिची किंमत गावातल्या पोरांमध्ये रुपया-रुपयानं वाटून टाकायचा. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', म्हणजे आपला 'मुस्तफा', असाच गावोगाव पोचला. पुढे प्लेस्टेशन आलं, तेही तासाच्या भाड्यानं.

ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात, आणि कौतुक करण्यासारखी आहेच. पण तिच्यात एक हिशेब राहून जातो. आमच्या घरी नकली यंत्र होतं, तोवर मी भावाच्या पुढे होते. ते बिघडलं, पुन्हा घेणं झालं नाही. भाऊ पार्लरवर जायला लागला. मी नाही. पार्लरच्या दारात मुलगी उभी राहणं तेव्हा आमच्याकडे चालत नव्हतं. मला कुणी 'खेळू नको' म्हटलं नाही. घरातला गेम परवडला नाही, एवढंच घडलं, आणि माझं खेळणं थांबलं. किंमत नुसती किती विकलं जाईल ते ठरवत नाही, कोण खेळेल तेही ठरवते.

पुढचे आकडे आपण कापसात मोजू. हदगावकडे तेच माप खरं. सोनीचं प्लेस्टेशन ३ भारतात एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आलं. अमेरिकेत त्याच यंत्राची किंमत कर सोडून ५९९ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण पंचवीस हजार. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १,९९० रुपये. करा भागाकार: वीस क्विंटल. कोरडवाहू रानात चार-पाच एकरांचं पीक, तेही खर्च न वजा करता.

प्लेस्टेशन ५ आलं २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. हमीभाव ५,८२५. म्हणजे साडेआठ क्विंटल. हिशेबानं निम्म्याहून स्वस्त झालं की! पण बियाणं, खत, मजुरी त्याच काळात कुठे गेली ते शेतकऱ्याला विचारा. वर कराचा खेळ वेगळाच. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेमवरचं सीमाशुल्क १० वरून २० टक्के झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जीएसटी २८ वरून १८ टक्के करायचं ठरलं. एका हातानं घेतलं, दुसऱ्यानं दिलं.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोनं स्विच २ आणलं. फक्त जपानी भाषेत चालणारं यंत्र ४९,९८० येन, सगळ्या भाषांचं ६९,९८० येन. येन घसरलेला, आपलं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून घरच्यांसाठी वेगळा भाव, आणि तो बाहेर जाऊ नये म्हणून भाषेचं कुलूप. म्हणजे प्रदेश बघून किंमत लावता येते. जिथं गिऱ्हाईक महत्त्वाचं वाटतं, तिथं लावली जाते.

म्हणून 'भारतात कन्सोल चालत नाही' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. विक्रीच्या तक्त्यात डबे मोजतात, खेळणारे नाही. हदगावचा मारिओ त्या तक्त्यात कुठेच नाही, आणि पार्लरच्या बाहेर राहिलेल्या मुलीही नाहीत. पुढच्या वेळी कुणी हे वाक्य टाकलं, तर एवढंच विचारा: किती क्विंटलला?

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावात गेमचा तास कितीला होता, ते जरूर कळवा.