चिनी औषधांतील जड धातूंची तपासणी

चीनच्या पारंपरिक औषधांत शिसे, पारा, आर्सेनिक व कॅडमियम हे घातक घटक दोन मार्गांनी येतात. खाणींच्या परिसरातील माती, दूषित पाणी किंवा दळणयंत्रांची झीज यांतून ते नकळत वनस्पतींत वा चूर्णात उतरतात. याउलट हिंगूळ (पाऱ्याचे सल्फाइड) व मनशीळ (आर्सेनिकचे सल्फाइड) ही खनिजे काही पाठांत औषध म्हणून हेतुपुरस्सर मिसळली जातात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दुकानांतून घेतलेल्या सुमारे अडीचशे आशियाई तयार औषधांच्या तपासणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २४ औषधांत शिसे, ३६ मध्ये आर्सेनिक व ३५ मध्ये पारा आढळला होता.

तपासणीसाठी नमुन्याचे चूर्ण नायट्रिक आम्लात तापवून विरघळवतात. हे द्रावण काही हजार अंश तापमानाच्या प्लाझ्मात फवारले की अणूंचे आयन होतात. वस्तुमानानुसार ते वेगळे करून मोजले जातात. अत्यल्प अंशही या पद्धतीने सापडतो. चिनी औषधकोशाच्या २०२० च्या आवृत्तीत वनस्पतिजन्य औषधांसाठी दर किलोमागे शिसे ५, कॅडमियम १, आर्सेनिक २ व पारा ०.२ मिलिग्रॅम अशा मर्यादा दिल्या आहेत.

मात्र या पद्धतीने धातूचे एकूण प्रमाण कळते, त्याचे रूप कळत नाही. हिंगुळातील पारा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तर मिथाइल पारा शरीरात सहज शोषला जातो. आकडा दोहोंचा सारखाच येऊ शकतो. म्हणून संयुगे आधी वेगळी करून मोजणे, तसेच कृत्रिम जठररसात किती अंश विरघळतो हे पाहणे आवश्यक ठरते. अर्थात, अविद्राव्य म्हणजे निर्धोक नव्हे. हिंगूळ तापवल्यास पाऱ्याची विषारी वाफ निघते, तर मनशीळ हवेत तापवल्यास सोमल तयार होतो.

भारतातही हा प्रश्न अपरिचित नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांना १ जानेवारी २००६ पासून ही तपासणी सक्तीची करण्यात आली. औषध चिनी असो वा भारतीय, ‘नैसर्गिक’ हा शब्द तपासणीच्या दाखल्याची जागा घेऊ शकत नाही.