चेंबूरचं माहुल: डोंगर, खाडी आणि रिफायनरी यांच्यामध्ये अडकलेलं गाव

चेंबूर स्टेशनवरून दक्षिणेकडे निघालं की खत कारखाना आणि रिफायनरींच्या लांबलचक भिंती लागतात. त्या संपता संपता माहुल गाव येतं. मुंबईतल्या जुन्या कोळीवाड्यांपैकी हा एक.

मुंबई सात बेटांची, हे सगळ्यांना पाठ असतं. माहुल मात्र त्या सातांत नाही. ते तुर्भे बेटावरचं गाव. मधल्या दलदलीत भराव पडत गेला आणि हे बेट साष्टीला जोडलं गेलं. गावाच्या पूर्वेला सुमारे 300 मीटर उंचीचा तुर्भ्याचा डोंगर आहे आणि डोंगरापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. पश्चिमेला खाडी, समोर शिवडी. ओहोटीला या दोघांमध्ये मैलभर चिखल उघडा पडतो, म्हणून इथल्या होड्यांचं वेळापत्रक घड्याळावर नाही, भरतीवर ठरतं. याच चिखलात वाढणारं शेवाळ खायला हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत फ्लेमिंगो येतात. 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीहून निघतो तो याच चिखलावरून.

गावाचा नकाशा बदलला तो 1954-55 मध्ये. खोल पाणी, बंदर आणि मोकळी जमीन जवळ असल्याने दोन रिफायनरी इथे आल्या. आजच्या एचपीसीएल आणि बीपीसीएल त्याच. पाठोपाठ टाटांचं वीजकेंद्र, खत कारखाना, रसायनांच्या टाक्या. गाव होतं तिथेच राहिलं, कारखाने भोवती वाढले. हिवाळ्यात वारा पडला की धूर आणि वास खालीच साचून राहतो.

राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये माहुल आणि आंबापाड्याच्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं. 2020 मध्ये दोन्ही रिफायनरींसह चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला.

तरीही 2017 पासून तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबं माहुलच्या 72 इमारतींच्या वसाहतीत पाठवली गेली. लोकांनी आंदोलन केलं, कोर्टात गेले. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोणालाही माहुलला जायची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. त्यानंतर बरीच घरं रिकामीच राहिली. 2025 मध्ये महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली.