उसन्या तेजाचं शिखर

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात राहून अतिसंवाहकांच्या नादी लागायला मला एक जन्मगाव पुरलं. अजय कुमार सूद, जन्म १९५१, ग्वाल्हेर. रामन प्रकीर्णनात मुरलेल्या या शास्त्रज्ञाने २०१० साली उमेश वाघमारे व इतरांबरोबर लोह-सेलेनाइड या अतिसंवाहकावरचा अभ्यास छापला. त्यात सेलेनियमच्या एका कंपनाची वारंवारता १०० केल्विनच्या खाली सुमारे ५ टक्क्यांनी चढते आणि त्याचा संबंध लोहाच्या चुंबकत्वाशी लावला आहे. अणूंच्या थरथरीतून इलेक्ट्रॉनांची खबर! ही युक्ती कुठून आली, हे शोधत मी मागे गेलो.

मोठे टप्पे ठाऊकच आहेत. १९११ साली कामरलिंग ओनस यांना ४.२ केल्विनजवळ पाऱ्याचा विद्युत्‌रोध नाहीसा झालेला दिसला; हीच अतिसंवाहकता. १९२८ साली कोलकात्यात रामन-कृष्णन यांना आणि त्याच महिन्यात मॉस्कोत लांड्सबर्ग-मांडेलश्टाम यांना रंग बदलून परतणारा प्रकाश, म्हणजेच रामन प्रकीर्णन, सापडला. पण या दोन वाटा एकत्र यायला अर्धं शतक गेलं. धातू प्रकाशाला फारसं आत घेत नाही आणि लेसर जोरात लावला तर नमुनाच तापतो. १९६१ साली अब्रिकोसोव्ह आणि फाल्कोव्स्की यांनी गणित मांडलं, की प्रकाश कूपर जोड्या, म्हणजे अतिसंवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, फोडेल आणि त्याची खूण ऊर्जेच्या फटीपाशी, म्हणजे जोडी फोडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेपाशी, उमटेल.

अनेकजण या युक्तीचं कूळ तिथून धरतात. मी १९८० पासून धरतो. त्या वर्षी इलिनॉयला सूर्यकुमार आणि क्लाइन यांनी निओबियम डायसेलेनाइड ७.२ केल्विनच्या खाली नेलं आणि फटीपाशी नवं शिखर पाहिलं. या पदार्थात ३३ केल्विनपासूनच विद्युत्‌भाराची लाट गोठलेली असते. चुंबकीय क्षेत्र लावून अतिसंवाहकता दुबळी केली, की नवं शिखर खचतं आणि लाटेच्या कंपनाचं शिखर तितकंच वर येतं. म्हणजे नव्याचं तेज उसनं होतं, लाटेकडून घेतलेलं.

उसनं घेणारा कोण, यावर मात्र वाद पेटला. बाल्सेइरो आणि फालिकोव्ह म्हणाले, फटीखाली अडकलेलं ते कंपनच आहे. लिटलवुड आणि चंद्रा वर्मा यांनी १९८१ साली उलट मांडलं: अतिसंवाहकतेची तीव्रताच इथे कमी-जास्त होत डोलते. तिच्यावर विद्युत्‌भार नाही, म्हणून प्रकाशाला ती सहसा दिसत नाही. लाट फटीला हलवते आणि त्या डोलण्याला उजेडात आणते. हिग्ज कणाचं हे अतिसंवाहकातलं भावंड, तो सापडल्याच्या सर्नच्या २०१२ च्या घोषणेच्या तीन दशकं आधीचं. माझा कौल वर्मांच्या बाजूने आहे. २०१४ साली लाट नसलेल्या निओबियम डायसल्फाइडमध्ये असं शिखर नाही, हे दिसलं. पण खरं सांगायचं तर त्याने उसनवारी सिद्ध होते, उसनं घेणारा नाही. कंपनवाल्यांचा दावाही तेवढ्याने मोडत नाही.

२०१८ साली ग्रासे आणि सहकाऱ्यांनी निओबियम डायसेलेनाइडवरचा दाब वाढवत नेला, तेव्हा लाटेचं आणि अतिसंवाहकतेचं अशी दोन्ही शिखरं एकाच वेळी कोसळली. सोबतची गणितंही हिग्जच्या बाजूने झुकली.